मोंतोनेसाठी एक दिवस ठेवा

युरोपात स्वतः गाडी चालवत फिरायचा बेत आखणाऱ्या सगळ्यांना एक विनंती करायची आहे: इटलीतल्या मोंतोने या गावासाठी एक दिवस ठेवा. जरा लांबलचक आहे, पण वाचा.

आम्ही तिघे, म्हणजे मी, बायको आणि मेहुणा, म्युनिकला गाडी भाड्याने घेतली आणि अकरा दिवसांनी तिथेच परत केली. गाडी एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडली तर जबर पैसे लागतात, म्हणून गोल फिरून आलो. जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली, स्लोव्हेनिया, पुन्हा ऑस्ट्रिया, पुन्हा जर्मनी. आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून न्या, इटलीत ते लागतंच. ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनियाच्या हायवेसाठी विन्येट, म्हणजे ठरावीक मुदतीचा टोल-पास, घ्यावं लागतं, आणि ऑस्ट्रियात ते घेतलं तरी इटलीच्या सीमेवरच्या ब्रेनर खिंडीकडे जाणाऱ्या रस्त्याचा टोल वेगळा भरावा लागतो. इटलीतल्या जुन्या शहरांत झेडटीएलचा, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेल्या भागाचा, बोर्ड दिसला की गाडी आत घालू नका, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड काही महिन्यांनी घरी येतो. बाकीची माहिती बऱ्याच जणांनी लिहिली आहे.

मला बोलायचंय ते वेगळंच. लहानपणी महाडला आत्याकडे जाताना माणगाव यायचं. एसटी स्टँडात थांबली की बाबा दर वेळी सांगायचे, "याच तालुक्यातले यशवंत घाडगे. व्हिक्टोरिया क्रॉस. इटलीत पडले." व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, आणि ती लढाई दुसऱ्या महायुद्धातली. इटली म्हणजे काय हे तेव्हा कळत नव्हतं, पण 'पडले' हा शब्द डोक्यात राहिला होता. बेत आखायला नकाशा उघडला तेव्हा पहिल्यांदा ते जिथे पडले तिथलं गाव, मोंतोने, शोधलं. व्हेनिस, फ्लोरेन्स सगळं त्यानंतर.

ब्रेनर खिंड 1,370 मीटरवर आहे. तिथली तपासणी 1998 साली उठली. ऑस्ट्रिया कधी संपलं आणि इटली कधी लागलं, ते रस्त्यावरच्या पाट्यांची भाषा बदलली म्हणून समजलं. कोणी थांबवलं नाही, पासपोर्ट बॅगेतच राहिला. (परतीच्या वाटेवर जर्मनीत शिरताना मात्र पोलिसांनी तपासला.)

बोलोन्याच्या पुढे आम्ही सेनिओ नदीपाशी थांबलो. नदी म्हणावी एवढी मोठीही नाही, पण दोन्ही बाजूंना मातीचे उंच बांध. 9 एप्रिल 1945 ला याच नदीच्या काठी मराठा पलटणीचे शिपाई नामदेव जाधव यांनी गोळीबारातून दोन जखमी साथीदारांना एकामागून एक पाण्यातून पलीकडे नेलं, सुरुंग पेरलेल्या जमिनीतून सुरक्षित जागी पोचवलं, मग परत फिरून जर्मनांच्या मशीनगनच्या तीन चौक्या गप्प केल्या. शेवटी बांधावर चढून मराठ्यांची युद्धघोषणा दिली आणि मागच्या तुकड्यांना पुढे बोलावलं. ते जिवंत परतले. मेहुणा त्या बांधावर चढला आणि बराच वेळ खाली उतरलाच नाही.

फोर्लीला भारतीय सैनिकांचं कब्रस्तान आहे. हिंदू आणि शीख जवानांना अग्नी दिला गेला, त्यामुळे त्यांची नावं तिथल्या स्मारकावर कोरलेली आहेत. त्यात आपल्या ओळखीची आडनावं सापडली. आम्ही सोडून दुसरं कोणी नव्हतं. गवत नीट कापलेलं, फुलझाडं टवटवीत. परक्या देशात कोणीतरी रोज येऊन हे सांभाळतंय, याचं मला फार बरं वाटलं.

पुढे चेझेनाहून ई-45. हा रस्ता नॉर्वेपासून सिसिलीपर्यंत जातो. इथे टोल नाही, खड्डे भरपूर, बोगदे आणि पूल एकामागून एक. अपेनाइन्सचा डोंगर ओलांडला की तायबर नदीचं वरचं खोरं उघडतं. सूर्यफुलं, तंबाखूची शेतं आणि टेकडीवर तटबंदीतलं मोंतोने. गाडी खाली लावून चढून जावं लागतं.

10 जुलै 1944 ला याच खोऱ्यात नाईक घाडगे यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे मशीनगनच्या माऱ्यात मारले गेले किंवा जखमी झाले. ते एकटेच पुढे धावले. ग्रेनेड टाकून गन बंद पाडली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं, आणि लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी पडले. वय बावीस. त्यांची कबर कुठेच नाही, नाव इटलीतल्याच कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर आहे. मोंतोनेकरांनी 2023 साली त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलं. त्याचं लॅटिन ब्रीद आहे, आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. बायकोने आधी मनात वाचलं, मग मोठ्याने. बाबा असते तर, एवढंच मी म्हणालो.

इटलीच्या मोहिमेत सुमारे पन्नास हजार भारतीय सैनिक होते. 5,782 परतले नाहीत. तिथे दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीयांचे. दरवर्षी महाराष्ट्रातून हजारो लोक इटलीला जातात, पिसाच्या मनोऱ्यापाशी फोटो काढतात आणि माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा एक तरुण, घाडगे, जिथे पडला तिथून दोन-तीन तासांच्या अंतरावरून परत येतात. दोष त्यांचा नाही, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. टूर कंपन्यांनी फ्लोरेन्स ते रोम जाताना ही वाट धरली तर अर्धा दिवस जास्त लागेल. मराठी माणसांच्या टूरमध्ये हा अर्धा दिवस असायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं. आणि स्वतःची गाडी असेल तर काही अडचणच नाही. एक देश कमी करा, पासपोर्टवर तसाही शिक्का पडत नाही. मुक्काम उंबर्तिदे किंवा चित्ता दि कास्तेल्लोला करा.

उन्हाळ्यात जाणार असाल तर 10 जुलै धरून जा. सूर्यफुलं तेव्हा फुललेली असतात.