गंगेतले फेज आणि फॉरवर्डमधले फेज

"गंगेत बॅक्टेरियोफेज आहेत, ते सगळे रोगजंतू खातात, हे एका इंग्रजानेच १८९६ साली सिद्ध केलं. म्हणून गंगाजल कधीच दूषित होत नाही. औषध कंपन्या हे दडवतात." प्रयागच्या कुंभात हा मजकूर जोरात फिरला. (बॅक्टेरियोफेज, थोडक्यात फेज, म्हणजे जिवाणूंना मारणारे विषाणू.) नाशिकच्या सिंहस्थात तो गोदावरीच्या नावाने आला, तर मला नवल वाटणार नाही.

इंग्रज म्हणजे आग्र्याचे जंतुशास्त्रज्ञ अर्नेस्ट हँकिन. गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे (कॉलऱ्याचे) जंतू मरतात, हे त्यांनी प्रयोगशाळेत पाहिलं, ते खरं. (फॉरवर्डमधून यमुना गळते!) पण फेजचं नाव त्यांनी घेतलेलं नाही. घेणार कसं? तो शब्द सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ फेलिक्स द'एरेल यांनी आणला, १९१७ साली. शिवाय हँकिनना दिसलं ते असं: पाणी उघड्यावर उकळलं की गुण जातो, सीलबंद नळीत तापवलं तर टिकतो. फेज असते तर बंद नळीतही मेले असते. म्हणजे ते वाफेबरोबर उडणारं भलतंच काही असावं, असं काही अभ्यासक मानतात.

"सगळे रोगजंतू"? फेज महाचोखंदळ. एका जातीच्या जिवाणूतही ठरावीक वाणांनाच तो धरतो. म्हणून तर फेजने उपचार करणाऱ्या, जॉर्जियातल्या तिबिलिसीच्या एलियावा संस्थेत आधी रुग्णाचा जंतू वाढवतात आणि त्याला कोणता फेज लागू पडतो ते बघतात. २०१६ साली अमेरिकेत सॅन डिएगोत टॉम पॅटरसन हे रुग्ण जंतुसंसर्गाने मरणाच्या दारात जाऊन परतले, तेही असे निवडलेले, शुद्ध केलेले फेज शिरेतून दिल्यावर. आणि कावीळ पसरवणाऱ्या विषाणूंचं फेज काहीच वाकडं करू शकत नाहीत. १९५५-५६ च्या हिवाळ्यात यमुनेतलं मैलापाणी दिल्लीच्या नळांत शिरलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. हँकिननी तपासली तीच यमुना.

कंपन्यांचं म्हणाल, तर १९३० च्या दशकात अमेरिकेत एली लिली ही औषध कंपनी स्वतःच फेज विकत होती. गुण बेभरवशाचा निघाला, पुढे पेनिसिलिन आलं आणि तो धंदा बसला.

राहिलं "फेज भरपूर, म्हणून पाणी शुद्ध". फेज वाढतो तो जिवाणूच्याच पोटात; जिवाणू नाहीत तिथे त्याची वीण नाही. आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूंवर जगणारे कोलिफेज नमुन्यात भरपूर सापडले, तर पाणी तपासणारे त्याचा एकच अर्थ काढतात: वरच्या अंगाला कुठेतरी मैला मिसळतोय.