कहोन स्पॅनिश नाहीये हो!

परवा एका कॅफेत अनप्लग्ड गिगला गेलो होतो, कहोनवर (ज्यावर बसून हातांनी वाजवतात ते लाकडी खोकं) बसलेला पोरगा खरंच कमाल वाजवत होता आणि मध्येच सूत्रसंचालक म्हणाला, 'हे बरं का, स्पॅनिश वाद्य!' सगळ्यांनी टाळ्या. माझी कॉफी तिथेच गार झाली. (काजोन म्हणा, कहोन म्हणा, उच्चारावरून मी भांडत नाही, पण हे नको ना यार.)

अहो ते दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाचं आहे, आणि तेही तिथल्या काळ्या लोकांचं. किनारपट्टीवरच्या मळ्यांत आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं राबायची, जहाजात चढवताना त्यांना ढोल कोण घेऊ देणार होतं? मग मालाची रिकामी खोकी बडवली. कहोन म्हणजे शब्दशः खोकंच. नुसतं खोकं नाही, चर्चच्या दानपेटीसारखी छोटी पेटी गळ्यात अडकवून झाकण उघड-बंद करत काठीने वाजवतात, आणि किहादा म्हणजे चक्क गाढवाचा वाळलेला जबडा, मूठ आपटली की ढिले झालेले दात खर्रर्र करतात. पहिल्यांदा व्हिडिओ बघितला तेव्हा मी तीनदा मागे घेऊन ऐकला.

पेरूत गुलामगिरी १८५४ला संपली, पण या संगीताला स्टेजवर मान मिळायला आणखी शंभर वर्षं गेली. निकोमेदेस आणि व्हिक्टोरिया सांता क्रूझ या भावाबहिणीने १९५०च्या दशकाच्या शेवटी विस्मरणात चाललेली गाणी-नाच शोधून उभे केले, तेव्हा कुठे.

मग स्पेन कुठून आलं? १९७०च्या दशकात स्पेनचा गिटारवाला पाको दे लुसिया पेरूत गेला, तिथे त्याने कहोन ऐकला आणि सोबत घेऊन आला. फ्लॅमेन्कोत, म्हणजे स्पेनच्या त्या गाण्या-नाचात, तो इतका फिट बसला की जगाला वाटलं तिथलाच आहे. पाकोवर माझा राग नाही, चांगलं कानावर पडलं तर माणूस उचलणारच. राग आपल्या आळसाचा आहे, जिथून विकत मिळालं तिथलंच म्हणून मोकळे.

फरक कळतो पण. आतल्या तारांमुळे जो सर्र असा आवाज येतो ना, तो स्पेनचा. पेरूच्या कहोनमध्ये तारा नसतात, नुसतं लाकूड, मध्ये मारलं की धप्प, वरच्या कडेला टप्प.

मी माझ्या कहोनच्या तारा काढून टाकल्यात. आई म्हणते, पाट बडवल्यासारखं वाजतंय. म्हटलं, आई, आता जमलं!