व्हाईस प्रेसिडेंटबद्दल मत नाही? असं कसं चालेल!

शनिवारी दिवाळीच्या पॉटलकला जाताय ना? मग साबुदाणा वडे राहूदेत बाजूला, २००८ ची अमेरिकेची निवडणूक तोंडावर आलीय, आधी मॅकेनच्या व्हाईस प्रेसिडेंटपदाच्या उमेदवार सारा पेलिनबद्दल एक मत तयार करा. आपण एच-वन बी व्हिसावर, ग्रीनकार्डची फाईल कुठेतरी धूळ खातेय, ही कारणं नकोत, मत मांडायला मत असावं लागत नाही. आणि असतं तरी काय मोठं होणार होतं, राहतो आपण एडिसनला, न्यू जर्सीची १५ इलेक्टोरल मतं १९९२ पासून डेमोक्रॅट्सच्या खिशात, खरी मारामारी तिकडे ओहायो-फ्लोरिडात.

तर आधी ठरवा, डेमोक्रॅट ओबामा की रिपब्लिकन मॅकेन. वाचन नंतर, नाही केलंत तरी चालेल. एकदा पार्टी ठरली की 'अनुभव' या विषयावर आपोआप बोलता येतं. ओबामावाले असाल तर म्हणायचं, अहो पेलिनबाईंना अलास्काची गव्हर्नर होऊन दोन वर्षं झाली नाहीत, त्याआधी वसिला नावाच्या गावाची मेयर, अख्खा अलास्का धरला तरी सात लाख डोकी नाहीत, आपलं नाशिक मोठं! उद्या त्या ७२ वर्षांच्या म्हाताऱ्याला काही झालं म्हणजे? आणि ओबामा सिनेटमध्ये कधी आला असं कुणी विचारलंच (२००५, पण तुम्हाला आठवत नाहीये) तर चिवडा आणायला उठा. मॅकेनवाले असाल तर हेच उलटं करून म्हणा.

पेलिनबाई आणि ओबामाचा व्हाईस प्रेसिडेंटचा उमेदवार जो बायडन यांचं डिबेट बघितलं का विचारलं तर हो सांगा, सात कोटी लोकांनी बघितलं, तुम्हीच का मागे राहा. 'तुम्हाला जो म्हटलं तर चालेल ना?' हे पेलिनबाईंनी बायडनना विचारलेलं एवढं पाठ असलं की बाकी दीड तासाची गरज नाही. 'माझ्या घरातून रशिया दिसतो' हे मात्र हमखास म्हणायचं. आता ते विनोदी नटी टीना फे बोलली टीव्हीवर पेलिनबाईंची नक्कल करताना, बाई स्वतः बोलल्या होत्या की अलास्कातल्या जमिनीवरून रशिया दिसतो, आणि अलास्कातल्या डायोमीड बेटावरून तो खरंच दिसतो. पण असले खुलासे पार्टीत करणाऱ्याला पुढच्या दिवाळीला कोणी बोलवत नाही.

बायडनचं जरा अवघड आहे. ३५ वर्षं सिनेटमध्ये बसलेला माणूस ओबामाच्या 'बदल'वाल्या तिकिटावर, ते सोडून द्या. परवा म्हणे १९२९ ला बाजार कोसळला तेव्हा रूझवेल्टनी टीव्हीवर येऊन लोकांना समजावलं. तेव्हा प्रेसिडेंट हूवर, आणि टीव्ही कुणाच्या घरात होता? हेच पेलिनबाई बोलल्या असत्या तर आठवडाभर पुरलं असतं. पण तुम्ही ओबामावाले असाल तर 'जोचं आपलं असंच असतं' म्हणून हसायचं, लग्नात भलतंच बोलणाऱ्या मामाला हसतो तसं. पेलिनबाईंसाठी पक्षाच्या पैशांनी दीड लाख डॉलरचे कपडे घेतले यावर मात्र यथेच्छ बोला, बायडनच्या सुटाची किंमत कुणी विचारत नाही आणि तुम्हीही विचारू नका.

एखादं खवचट पोरगं मध्येच विचारेल, व्हाईस प्रेसिडेंट करतो काय पण? सिनेटमध्ये बरोबरी झाली तर एक मत टाकतो, बाकी वेळ साहेबांच्या तब्येतीची चौकशी. पहिले व्हीपी जॉन ॲडम्स स्वतःच बायकोला पत्रात रडले होते की इतकं बिनमहत्त्वाचं पद माणसानं कधी शोधलं नसेल. पोराला गुलाबजाम द्या.

आणि हो, ४ नोव्हेंबरला निवडणूक, मंगळवार आहे, सुट्टी नाही. टीममधले सगळे मत द्यायला सकाळी रांगेत असतील, प्रॉडक्शन सपोर्टला तुमचं नाव टाकलंय.