पोटात एक, ओठात एक

डॉक्टरांनी चिठ्ठीवर शौचाची तपासणी लिहिली. लॅबमधल्या मुलीने झाकणालाच चमचा असलेली चिमुकली डबी हातात ठेवली आणि, "ताजं हवं हं, सकाळचंच!" असं शेवटच्या खुर्चीपर्यंत पोहोचेल अशा आवाजात बजावलं. त्या डबीचं तोंड एवढं अरुंद ठेवणाऱ्याने ती स्वतः कधी वापरलेली नसावी. पुढचा तपशील देत नाही. सुज्ञास सांगणे न लगे.

खरी धाकधूक निकालाची. "बाहेरचं खाणं?" या प्रश्नाला मी "क्वचित" असं बाणेदार उत्तर दिलं होतं. आता माझाच साक्षीदार माझ्यावर उलटणार!

यातून डायनासोरसुद्धा सुटलेले नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला सापडलेल्या त्यांच्या दगड झालेल्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण निघाले, हे २००५ साली जाहीर झालं. तोवर डायनासोरांच्या काळात गवत नव्हतंच, अशी समजूत होती. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी चरून गेलेला प्राणी पकडला जातो. मी तर परवाच चरलो होतो.

इंग्लंडच्या किनाऱ्यावर जीवाश्म शोधणाऱ्या मेरी ॲनिंगला इक्थिओसॉर या प्राचीन समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याच्या सांगाड्यात, ऐन पोटाच्या जागी, काही गोळे दिसले. फोडले तर आत माशांची हाडं नि खवले. काही गोळ्यांत तर लहान इक्थिओसॉरांचीच हाडं निघाली. भाऊबंदकी इतकी जुनी! भूशास्त्रज्ञ विल्यम बकलंड यांनी १८२९ मध्ये या गोळ्यांना 'कॉप्रोलाइट' असं भारदस्त नाव दिलं आणि अशा गोळ्यांच्या घासूनपुसून चकचकीत केलेल्या चकत्या जडवलेलं एक टेबलही बाळगलं. कशाचं आहे हे ठाऊक नसलेले लोक त्याची तारीफ करत.

मांसाहाऱ्यांचा ऐवज जास्त टिकतो. खाल्लेल्या हाडांतलं फॉस्फेट त्याचा दगड व्हायला मदत करतं. शाकाहाराचा हा फायदा मला कुणी सांगितला नव्हता.

सगळ्यात कीव येते ती इंग्लंडमधल्या यॉर्कच्या व्हायकिंगची, म्हणजे उत्तर युरोपातून आलेल्या दर्यावर्दी जमातीतल्या माणसाची. १९७२ साली सापडलेला त्याचा सुमारे २० सेंटिमीटरचा ऐवज संग्रहालयात मांडलाय. त्यात जंतांची भरपूर अंडी निघाली, म्हणजे बिचाऱ्याचा रिपोर्ट हजारेक वर्षांनी लागला, तोही तिकीट काढून येणाऱ्यांसमोर. माझा निदान बंद पाकिटात येईल. २००३ मध्ये तो ऐवज पडून तुटला, तेव्हा तुकडे जुळवून पुन्हा चिकटवला. त्या संध्याकाळी जोडणाऱ्याला घरी कुणी विचारलं असेल, "आज ऑफिसात काय विशेष?"