बेड झाला का?

आयसीयूत पेशंट दगावला की अर्ध्या तासात कॅज्युअल्टीतून फोन येतो, "सिस्टर, बेड झाला का?" 22 वर्षं मी हा प्रश्न ऐकला आणि इन्चार्ज झाल्यावर विचारलाही. त्यातलं एकदाचं विचारणं अजून मनातून जात नाही.

नाईटला एक 23 वर्षांची नर्स होती. तिने चौदा दिवस सांभाळलेली पेशंट, एक आजी, पहाटे चारला गेली. सीपीआर हिनेच दिला, ट्यूब आणि लाइन्स हिनेच काढल्या, अंग पुसलं, नाकात कापूस घातला, पायाचे अंगठे बांधले. जोडवी निघेनात, तर साबण लावून हळूहळू काढली, जणू आजीला दुखेल. मग रजिस्टरमध्ये लिहिलं, 'पांढऱ्या धातूची जोडवी, दोन', आणि मुलाची सही घ्यायला बाहेर गेली. परत आली तेव्हा मी म्हटलं, "बेड झाला का गं? नवा पेशंट लिफ्टमध्ये आहे."

"हो मॅडम," म्हणाली आणि गादी पुसायला लागली. एकच जागा पुसत राहिली. शेजारच्या बेडचा पंप वाजत होता, बीपी धरून ठेवणारं औषध संपत आलेलं, आणि हिला ऐकूच येत नव्हतं. मी तिच्यावर ओरडले.

सहा महिन्यांत तिने नोकरी सोडली. राजीनाम्यात कारण लिहिलं, 'घरगुती'.

नर्सेस डेला, 12 मे रोजी, केक कापतात. ताणतणावावर लेक्चर ठेवतात, तेही नाईट उतरलेल्या मुलींना थांबवून. मला याचा मनापासून राग येतो. ताण कमी करायचाय ना, मग आधी माणसं द्या! व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमागे प्रत्येक पाळीत एक नर्स, हा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष. मी कित्येक रात्री एकीला तीन-तीन पेशंट दिलेत, कारण दुसरी नव्हतीच. पगाराचंही तेच. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून समिती बसली, 50 पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही महिना किमान 20,000 रुपये द्या, अशी शिफारस झाली. तुमच्या ओळखीतल्या एखाद्या सिस्टरला विचारा, हातात किती पडतात.

माणसं आणि पैसे मिळतील तेव्हा मिळोत. पण एका गोष्टीला पैसा लागत नाही. अमेरिकेत व्हर्जिनियामधल्या जोनाथन बार्टल्स या नर्सने पेशंट गेल्यावर सगळ्या टीमने मिनिटभर पलंगाभोवती शांत उभं राहायची पद्धत सुरू केली. गेलेल्या माणसासाठी, आणि त्याला वाचवायला धडपडलेल्या हातांसाठी. आपल्याकडे हे करायला कोणाची हरकत आहे?

मला त्यापुढे त्या पेशंटच्या नर्ससाठी पंधरा मिनिटं हवीत. त्या वेळात तिचे बाकीचे पेशंट दुसरीने बघायचे. तिने तोंड धुवावं, चहा घ्यावा, रडायचं तर रडावं.

इन्चार्ज असलेल्या माझ्या मैत्रिणींनो, आज रात्री तो फोन आला तर एवढंच सांगा, "बेडला अजून पंधरा मिनिटं लागतील." कारण विचारलं तर माझ्यासारखं गप्प बसू नका, खरं कारण सांगा.