फोटो 14 आले म्हणून बिबटे 14 होत नाहीत

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरच्या ऊसपट्ट्यातून निघालेला एक मजकूर पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपपर्यंत पोचलाय. त्याचं म्हणणं असं: ट्रॅप कॅमेऱ्यात (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या) आठवड्याला 14 फोटो आले म्हणजे 14 बिबटे, ठशांची मापं वेगवेगळी म्हणजे बिबटेही वेगवेगळे, जिथे फोटो नाही तिथे बिबट्या नाही, आणि खरा आकडा हवा तर सगळे पिंजऱ्यात धरून मोजा. चारही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि शेवटची तर माणसांच्या जिवावर बेतणारी आहे.

14 फोटो, 14 बिबटे. रोज त्याच पाणंदीने जाणारा-येणारा एकच बिबट्या आठवड्यात 14 फोटो देतो. कोण कोणता हे ठिपक्यांच्या नक्षीवरून कळतं, पण एकाच जनावराच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरची नक्षी वेगळी असते. एकच कॅमेरा लावला तर जाताना डावी कूस दिसते, येताना उजवी, आणि एकाचे दोन मोजले जातात. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे लागतात. तेही अगदी समोर नकोत, थोडे मागेपुढे, नाहीतर एकाच्या फ्लॅशने दुसऱ्याचा फोटो पांढरा पडतो. उंची साधारण 40 सेंमी, वाटेच्या मध्यापासून अंतर 3 ते 4 मीटर. दोन्हींची घड्याळं जुळलेली हवीत, नाहीतर डावी-उजवी जोडी लावता येत नाही. इन्फ्रारेड म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात चालत्या जनावराचे ठिपके पुसट येतात. ओळख पटवायची असेल तर पांढरा फ्लॅश बरा.

पुण्याकडच्या उन्हाळ्यात खरी अडचण सेन्सरची. तो अंगाची उष्णता आणि भोवतालची उष्णता यांतला हलता फरक टिपतो. एप्रिल-मे महिन्यांत जमीन तापलेली असताना बिबट्या समोरून गेला तरी फोटो निघेलच असं नाही. उलट तापलेलं उसाचं पाचट वाऱ्याने हललं की हजारो रिकामे फोटो निघतात, कार्ड भरतं, बॅटरी संपते. समोरचं गवत-पाचट साफ करा आणि कॅमेऱ्याचं तोंड उगवतीला किंवा मावळतीला ठेवू नका.

ठशांची मापं. पुढचा पंजा मागच्यापेक्षा मोठा असतो. ओल्या काळ्या मातीत ठसा पसरतो, फुफाट्यात कडा ढासळतात. एकाच बिबट्याची तीन मापं सहज मिळतात. राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात ठशांवर आधारलेल्या मोजणीत वाघ दाखवले जात होते, आणि 2005 पर्यंत तिथे एकही उरला नव्हता. 2006 च्या देशव्यापी वाघगणनेपासून ही पद्धत सोडली गेली. ठशांचा उपयोग आहे, पण तो कॅमेरा कुठे लावायचा हे ठरवायला.

फोटो नाही म्हणजे बिबट्या नाही. कॅमेरा चुकवून जाणारे असतातच. म्हणून ओळखलेले बिबटे पुन्हा किती वेळा दिसतात यावरून न दिसलेल्यांचा अंदाज काढतात, आणि तो क्षेत्रफळावर मांडतात. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या शेतीपट्ट्यात याच पद्धतीने 100 चौ. किमी.मागे 5 च्या आसपास प्रौढ बिबटे आढळले. क्षेत्रफळ आणि किती कॅमेरे किती रात्री चालू होते हे न सांगता दिलेला आकडा कामाचा नाही.

सगळे धरून मोजा. जुन्नर वनविभागात 2001 ते 2003 दरम्यान शंभरावर बिबटे पकडले गेले आणि त्यांतले 40 दुसरीकडे सोडले. आधी वर्षाला सरासरी 4 असलेले माणसांवरचे हल्ले त्या काळात वर्षाला 17 वर गेले. शिवाय बिबट्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीशिवाय त्याला पकडता येत नाही.

हात न लावता अजून खूप कळतं. ताज्या विष्ठेच्या बाहेरच्या थरात आतड्याच्या पेशी असतात. तो थर दर नमुन्याला नव्या काडीने खरवडून सिलिका जेलवर (ओल शोषणाऱ्या दाण्यांवर) कोरडा ठेवला तर डीएनएवरून आधी प्रजात, मग जनावर ओळखता येतं. ऊन-पाऊस खाल्लेला नमुना बहुधा वाया जातो. कुत्र्याची विष्ठाही बिबट्याची म्हणून गोळा होते, त्यामुळे प्रजातीची तपासणी टाळू नये. त्याच विष्ठेतल्या केसांवरून अकोल्यातल्या बिबट्यांच्या खाण्यात सर्वात मोठा वाटा पाळीव-भटक्या कुत्र्यांचा निघाला.

आणि ऊसतोडीत सापडलेलं प्रत्येक पिल्लू बिबट्याचं नसतं. वाघाटी या छोट्या रानमांजराची पिल्लंही उसातच सापडतात. पूर्ण वाढलेली वाघाटी घरच्या मांजरापेक्षा लहान असते, 40 सेंमीवर लावलेल्या कॅमेऱ्याखालून ती निसटू शकते. तिच्यासाठी तो निम्म्या उंचीवर आणावा लागतो.