‘व्हायरल लोड शून्य, मग मेंदूला काय धाड भरलीय?’ या प्रतिक्रियेला उत्तर

‘स्पष्टवक्ते’ यांस,

हेरॉइन-मॉर्फिन आणि एचआयव्ही मेंदूत एकत्र आले की नुकसान कसं वाढतं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. मुद्दे चार, टोमणा एक. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. एचआयव्ही चेतापेशीत शिरतच नाही, त्यामुळे व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण) शून्यावर आला की ‘मेंदूला काय धाड भरलीय’. उंदरांवरचे प्रयोग माणसाला लावू नयेत. माकडांना तर मॉर्फिनचा फायदाच झाला. असलं वाचून मेथाडोन या हेरॉइनऐवजी देण्याच्या औषधावरची माणसं ते सोडतील. आणि शेवटी, ‘आधी चार पेपर वाचा, मग ज्ञान पाजळा.’

शीर्षकातला ‘दुहेरी हल्ला’ भडक होता, हे मान्य. ते बदललंय. मजकुरातलं एक अक्षरही बदललेलं नाही.

हा विषय मी शिकवतो. तुमचा पहिला प्रश्न वर्गात दरवर्षी येतो, फक्त मुलं तो बऱ्या भाषेत विचारतात. त्यांना जे उत्तर देतो तेच तुम्हाला देतो.

एचआयव्ही चेतापेशीत शिरत नाही, हे बरोबर आहे आणि माझ्या लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात ते लिहिलेलं आहे. तो मेंदूत शिरतो रक्तातल्या मोनोसाइट या संरक्षक पेशींमधून. थायलंडमधल्या एका अभ्यासात तर संसर्गानंतर जेमतेम ८ दिवसांत विषाणू मेंदूभोवतीच्या द्रवात सापडला होता. तिथून तो मायक्रोग्लिया (मेंदूतल्या संरक्षक पेशी) आणि रक्तवाहिन्यांलगतच्या, जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशींमध्ये घर करतो. मायक्रोग्लिया वर्षानुवर्षं जगतात. शेजारचं घर पेटलं तर आपल्या भिंतीला धग लागतेच, आपल्या घरात काडी पडायची गरज नसते.

आता तुमचं ‘शून्य’. रिपोर्टवर शून्य नसतं, ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ असतं. एक मिलिलिटर प्लाझ्मात विषाणूच्या आरएनएच्या किती प्रती आहेत ते ही चाचणी मोजते, आणि यंत्रानुसार २० किंवा ४० प्रतींच्या खाली तिला मोजता येत नाही. मेंदूतल्या मायक्रोग्लियाच्या गुणसूत्रात शिवला गेलेला विषाणूचा डीएनए ती मोजतच नाही. आपल्याकडे सरकारी एआरटी (एचआयव्हीविरोधी उपचार) केंद्रात मिळणारी टीएलडी गोळी घ्या. त्यातलं टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन आरएनएचा डीएनए होऊ देत नाहीत, डॉल्युटेग्राव्हिर तो डीएनए गुणसूत्रात जोडू देत नाही. तिन्ही औषधांचं काम जोडणीच्या आधीचं. जो आधीच जोडला गेलाय त्याच्यावरून प्रथिनं बनणं यातलं एकही औषध थांबवत नाही. आणि अगदी सुरुवातीला बनणाऱ्या प्रथिनांपैकी एक म्हणजे टॅट. व्हायरल लोड दबलेल्या काही रुग्णांच्या मेंदू-मज्जाद्रवात हे टॅट सापडलेलं आहे. विषाणूचा एक कणही बाहेर न पडता टॅट बाहेर पडू शकतं.

टॅट चेतापेशीवरचे एनएमडीए रिसेप्टर (संदेश घेणारी प्रथिनं) चेतवतं, पेशीत कॅल्शियम वाढतं, डेन्ड्राइटवर, म्हणजे पेशीच्या फांद्यांवर, मण्यांसारख्या गाठी येतात आणि त्यावरचे, दुसऱ्या पेशींशी जोडणारे काटे गळतात. पेशी मरत नाही. तिचे जोड तुटतात. म्हणूनच आजच्या रुग्णांत पूर्वीसारखा ठळक स्मृतिभ्रंश क्वचितच दिसतो. हिशेबाला वेळ लागणं, एका वेळी दोन कामं न जमणं अशा तक्रारी मात्र बऱ्याच असतात.

यात मॉर्फिन कुठे येतं? हेरॉइनचंही शरीरात मॉर्फिनच होतं, आणि ते ज्याला चिकटतं तो म्यू रिसेप्टर फक्त चेतापेशींवर नसतो. अ‍ॅस्ट्रोसाइट आणि मायक्रोग्लिया या ‘ग्लिया’ म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींवरही असतो. टॅट आणि मॉर्फिन एकत्र दिलं की अ‍ॅस्ट्रोसाइट सीसीएल२, सीसीएल५ आणि आयएल-६ ही रसायनं बाहेर टाकतात, एकेकटं दिल्यावर टाकतात त्याहून कितीतरी जास्त. सीसीएल२ म्हणजे नव्या मोनोसाइटना मेंदूत आवतण. मायक्रोग्लिया ग्लुटामेट सोडतात, ते पुन्हा त्याच एनएमडीए रिसेप्टरवर जाऊन आदळतं. फेरा पूर्ण.

रिचमंडच्या व्हर्जिनिया कॉमनवेल्थ युनिव्हर्सिटीतल्या गटाने २०११ साली नेमकं हेच तपासलं. मेंदूच्या स्ट्रायटम या भागातल्या चेतापेशी ग्लियासोबत वाढवल्या. एका बशीत म्यू रिसेप्टर फक्त ग्लियावर ठेवला, दुसरीत फक्त चेतापेशींवर. ग्लियावरचा रिसेप्टर काढला की मॉर्फिनमुळे होणारं जादा नुकसान थांबलं, चेतापेशींवरचा काढून काही फरक पडला नाही. म्हणजे ‘चेतापेशीत शिरत नाही’ हे तुमचं वाक्य माझ्या लेखाविरुद्धचा पुरावा नाही, लेखाचा पायाच आहे. त्याच गटाच्या जनुक बदललेल्या उंदरांत खाद्यातून डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक दिलं की अ‍ॅस्ट्रोसाइट टॅट बनवू लागतात. त्या उंदरात एचआयव्ही नावालाही नाही. व्हायरल लोड खरोखर शून्य, तुम्हाला हवा तसा. तरी काटे गळतात, आणि मॉर्फिनसोबत जास्त गळतात.

उंदरातलं टॅट माणसाच्या मेंदूतल्या टॅटपेक्षा जास्त असेल, असा आक्षेप घेता आला असता. तो वजनदार आक्षेप आहे. तुम्ही तो घेतला नाहीत, ‘उंदीर तो उंदीर’ म्हणून मोकळे झालात. त्यावर काय बोलणार? जिवंत माणसाचा स्ट्रायटम कापून काटे मोजायला कुणी देत नाही.

माकडांचं म्हणाल तर, विषाणूची लागण केलेली आणि रोज ठरल्या वेळी मॉर्फिन मिळणारी माकडं एका गटाच्या प्रयोगात तगली, दुसऱ्या गटाच्या प्रयोगात झपाट्याने आजारी पडली. विषाणू वेगळे, डोसाचं वेळापत्रक वेगळं. तुम्ही पहिला गट वाचलात. ‘चार पेपर वाचा’ म्हणणाऱ्याने निदान दोन वाचावेत.

राहिलं मेथाडोन. लेखात ‘उपचार सोडू नका’ असं ठळक अक्षरात होतं, ते तुम्हाला दिसलं नाही. उपचारावरच्या माणसाला नियमित, मोजका डोस मिळतो. रस्त्यावरच्या हेरॉइनसारखी दिवसातून तीनदा नशा आणि तीनदा उतार, असं होत नाही. सुईही सुटते. माणसं औषध सोडतात ती ब्लॉग वाचून नव्हे, औषधांची सांगड न घातल्याने. एफाविरेन्झ हे एचआयव्हीवरचं औषध सुरू केलं की यकृतातली औषधं मोडणारी एन्झाइम्स वाढतात आणि मेथाडोनची रक्तातली पातळी साधारण निम्म्यावर येते. दुसऱ्या आठवड्याच्या आसपास नाक गळणं, जुलाब, अंगदुखी, झोप उडणं सुरू होतं. रुग्णाला वाटतं एआरटी बाधली, आणि तो एआरटी तरी सोडतो नाहीतर पुन्हा सुईकडे वळतो. इलाज म्हणजे मेथाडोन ५-१० मिलिग्रॅमच्या टप्प्यांनी वाढवणं.

याच्या उलटही होतं, आणि ते जास्त घातक. एफाविरेन्झ काढून टीएलडी दिली की वाढलेली एन्झाइम्स दोनेक आठवड्यांत उतरतात आणि वाढवलेला मेथाडोनचा डोस अंगावर येतो. गुंगी, श्वास मंदावणं, ईसीजीत क्यूटी लांबणं (म्हणजे हृदयाची लय बिघडण्याचा धोका). तेव्हा डोस उतरवायचा हे केंद्रात कुणीतरी लक्षात ठेवावं लागतं. क्षयासाठी रिफॅम्पिसिन चालू असेल तर मेथाडोन आणखी खाली जातं, आणि डॉल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा द्यावं लागतं. मेथाडोनसारख्याच कामाच्या, जिभेखाली ठेवायच्या ब्युप्रेनॉर्फिनची पातळीही एफाविरेन्झने घटते, पण उतार क्वचितच जाणवतो. अ‍ॅटाझानाविर या एचआयव्हीवरच्या दुसऱ्या औषधासोबत मात्र ती चढते आणि रुग्ण पेंगायला लागतो.

आणखी एक, तुमच्या नावडत्या उंदरांतलंच आहे हे आधीच सांगून टाकतो. मॉर्फिन चालू असलेल्या उंदरांच्या स्ट्रायटममध्ये डॉल्युटेग्राव्हिर कमी पोचलं, लॅमिव्ह्युडिनला फरक पडला नाही. रक्त-मेंदू अडथळ्यातला पी-ग्लायकोप्रोटीन हा पंप मॉर्फिनने वाढतो आणि तो डॉल्युटेग्राव्हिर परत रक्तात फेकतो, लॅमिव्ह्युडिनला तो फारसा धरत नाही. रक्ताचा रिपोर्ट स्वच्छ असताना मेंदूत औषध तोकडं पडण्याची ही एक वाट आहे, आणि तुमच्या ‘शून्या’त तिला जागा नाही.

तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, टोमण्यासकट तशीच आहे. पुढच्या वेळी नेमका कोणता प्रयोग पटला नाही ते लिहा. माझं वाचन किती यावर मी पुन्हा उत्तर देणार नाही.